वऱ्हाडी लहेजा दहाव्या मिनिटाला सुटतो? गळती कुठून होते ते सांगतो

मी मूळचा अकोट तालुक्यातला, गेली चौदा-पंधरा वर्षं पुण्यात. एकांकिकांचा सीझन जवळ आला की कुणाचा तरी फोन येतोच, दादा स्क्रिप्ट वऱ्हाडी आहे आणि पोरं सगळी इकडची आहेत, जरा येऊन ऐकशील का. मी जातो, चहा पितो, ऐकतो. पहिली पाच मिनिटं बरं चाललेलं असतं, काऊन, कायले, पोट्टं, बे, सगळे शब्द पाठ केलेले असतात आणि जागच्या जागी पडतात. मग सहाव्या-सातव्या मिनिटाला कुणाच्या तरी तोंडून "अरे पण बघ ना, तो येतोय" असं एक वाक्य सटकतं आणि तिथून पुढे सदाशिव पेठ सुरू होते, अधूनमधून 'बे' टाकलेली सदाशिव पेठ. दरवर्षी हेच. ग्रुप वेगळा, पोरं वेगळी, पण सुटण्याच्या जागा त्याच. म्हणून एकदा लिहूनच टाकतो म्हटलं.

यावर बहुतेक ग्रुप काय उपाय करतात, तर अजून शब्द गोळा करतात. कुणीतरी नागपूरच्या मित्राला विचारून पन्नास शब्दांची यादी आणतं आणि स्क्रिप्टमध्ये पेरतं. त्याने उलट होतं, कारण शब्द पेरलेले दिसायला लागतात. यादीतले शब्द तुम्ही लक्ष देऊन बोलता त्यामुळे ते कधी चुकतच नाहीत, चुकतात ते ज्यांच्याकडे तुमचं लक्षच नसतं ते, 'बघ', 'मग', 'हो', 'अगं', 'येतोय'. पाणी तिथून गळतं.

पहिलं म्हणजे तुम्ही नक्की कुठलं बोलताय ते बघा

निम्म्या वेळा मला ऐकू येतं ते वऱ्हाडी नसतंच, ते 'नाटकातलं गावरान' असतं. आरं, व्हय, न्हाय, म्या, पानी, लई. ही भाषा कुठल्याच जिल्ह्यातली नाही. सातारा-कोल्हापूरकडचा थोडा बाज घ्यायचा, ण चा न करायचा आणि आवाज जरा जाड करायचा की झाला खेडूत तयार. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला चालून जातं, पण अकोल्याहून आलेला एक जरी माणूस प्रेक्षकात असेल ना तर त्याला पहिल्या वाक्याला कळतं.

कुठल्या बोलीत आहात हे तपासायची माझी एक सोपी पद्धत आहे, "काय करतोयस?" हे एकच वाक्य घ्या. पुण्यात काय करतोयस. कोल्हापूरकडे काय करालाईस. मराठवाड्यात काय करायलास. मालवणीत काय करतंस. खानदेशात अहिराणी बोलणारा म्हणेल काय करी राहिना. आणि आमच्याकडे, काय करून राह्यला. बोलीचं आधार कार्ड म्हणजे हे चालू काळाचं क्रियापद. बाकीचे शब्द गावागावांत इकडचे तिकडे फिरतात, बाजाराला जातात, लग्नात जातात, टीव्हीवरून येतात, पण हे क्रियापद सहसा हलत नाही. आता स्क्रिप्टमधली फक्त ही वाक्यं काढून बघा, तीन वेगवेगळ्या जिल्ह्यांची निघाली तर लेखकानेच गडबड करून ठेवलीय, नटाचा दोष नाही.

आणि 'विदर्भाची भाषा' असा एक गठ्ठा पण नसतो. अकरा जिल्हे आहेत. अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ हा वऱ्हाडचा पट्टा, इथे ळ चा य होतो, डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. भंडारा-गोंदियाकडे झाडीबोलीत जा, तिथे तोच ळ र होतो, डोरा, कारा. नागपूर शहराचं अजून वेगळं, 1956 पर्यंत ते मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदीची ये-जा घराघरांत. आता एकाच नटाने पहिल्या प्रवेशात डोया म्हटलं आणि तिसऱ्यात डोरा, तर तो माणूस तीनशे किलोमीटर फिरून आला असा अर्थ होतो.

यात अजून एक हमखास घोळ होतो तो सांगून टाकतो. "मी वऱ्हाडी शिकायला 'वऱ्हाड निघालंय लंडनला' शंभर वेळा ऐकलं" असं मला आजवर निदान चार जणांनी सांगितलंय. अरे भाऊ, त्यातलं वऱ्हाड म्हणजे लग्नाचं वऱ्हाड! लक्ष्मण देशपांडे एकटे 52 पात्रं उभी करायचे, माणूस अफाटच होता, पण त्यातली बोली मराठवाड्याची आहे. एका पोराने खरंच त्यावरून महिनाभर प्रॅक्टिस केली होती. छान करत होता. फक्त आमच्या गावापासून बराच दक्षिणेला होता.

मग गळती कुठून होते

माझा एक प्रयोग आहे. पोरांना स्क्रिप्ट खाली ठेवायला सांगतो आणि म्हणतो, आज सकाळी उठल्यापासून इथे येईपर्यंत काय काय केलं ते वऱ्हाडीत सांग, मध्ये थांबायचं नाही. मी कागदावर फक्त सुटलेले शब्द लिहितो. दहा-बारा ओळींत कागद भरतो आणि दरवेळी तीच यादी निघते.

नंबर एकवर 'बघ'. आमच्याकडे बघत नाहीत, पाहतात. पाह्य ना, पाहून राह्यला, पाह्यलं का. पुण्याच्या माणसाच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्यात 'बघ' असतं आणि त्याला ते ऐकूच येत नाही. मग 'मग', ते मंग. 'हो' म्हणजे हाव. बाईला हाक मारताना 'अगं' नाही, 'वं', काय वं, माय वं. 'म्हणजे' चं म्हंजे. 'का' किंवा 'कशाला' साठी काऊन आणि कायले पाठ असतात पण घाईत परत 'का रे' येतं.

दुसरी मोठी गळती ला आणि ले ची. मले, तुले, त्याले, घराले, हे सगळ्यांना माहीत असतं, मले तर जोक्समधून पण माहीत असतं. पण तेच क्रियापदाला लागलं की विसरतात. जेवायला नाही, जेवाले. करायला नाही, कराले. "मले जेवायला दे" असं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू पण येत नाही, अर्धं अकोला अर्धं कोथरूड. एकदा 'ले' धरला तर तो वाक्यभर पाळायचा.

तिसरी जागा भविष्यकाळाची आणि ही मला सगळ्यात आवडते कारण ही जवळजवळ कुणालाच माहीत नसते. आमच्याकडे "बाबा उद्या येईन" म्हणजे बाबा उद्या येतील, किंवा येईल. "पाऊस येईन आज." तो येईन, ते करीन, कोनी ना कोनी देईन. पुण्याचा माणूस ऐकतो आणि त्याला वाटतं हा स्वतःबद्दलच बोलतोय. माझ्या पुण्यातल्या पहिल्या वर्षी यावरून एक मजा झाली होती, रूममेटला मी म्हटलं गॅसवाला दुपारी येईन, घरी राहजो, तो दिवसभर माझी वाट बघत बसला आणि गॅसवाल्याला म्हणाला मालक आले की या. तर स्क्रिप्टमध्ये जिथे जिथे तिसऱ्या माणसाबद्दल 'येईल, करेल, देईल' आहे तिथे पेन्सिलने गोल करा. एकटं एवढं केलं तरी ऐकणारा वऱ्हाडी माणूस कान टवकारतो.

आणि त्या वरच्या वाक्यातलं 'राहजो' पाह्यलं का? येजो, करजो, सांगजो. म्हणजे आत्ता कर असं नाही, नंतर, आठवणीने कर, आणि त्यात जरा माया पण असते. आई फोन ठेवताना 'जेव' म्हणत नाही, 'जेवजो' म्हणते. हा एक जो लावला की पात्र एकदम घरातलं वाटायला लागतं. लेखक लोक याच्याऐवजी प्रत्येक वाक्यात शिव्या आणि बे घालतात.

सांगितलं नाही, सांगतलं. आला होता नाही, आल्ता. विचारलं नाही, इचारलं. वीस नाही, ईस. हे लवकर येतं, यात वेळ घालवू नका.

ळ चा य, किती करायचा

इथे उलटा प्रॉब्लेम असतो, जास्त होतं. एकदा कळलं की ळ चा य होतो, की पोरं सुटतात, सकाय, शाया, गुय, केयं, उन्हाया, एकही ळ शिल्लक ठेवत नाहीत. नियम म्हणून बरोबर आहे. पण पात्र कोण आहे? शेतात राबलेला सत्तर वर्षांचा म्हातारा असेल तर हो, प्रत्येक ळ जाऊ दे. पण अमरावतीत कॉलेजला जाणारी मुलगी असेल तर ती घरात 'डोया' म्हणेल, कॉलेजात 'डोळा' म्हणेल, आणि बॉयफ्रेंडशी भांडताना परत 'डोया' वर येईल. तिच्या दोन्ही जिभा चालू असतात. हे जर नटीला जमलं ना, म्हणजे कुणाशी बोलताना किती बोली, तर तो अभिनय झाला. माझी आईच घ्या, बँकेत गेली की तिच्या तोंडात ळ येतो, मोठा ठसठशीत, बँकेतून बाहेर पडली की पायरीवर जातो.

ण आणि न चं पण तसंच. पानी, कोन, आनि हे सरसकट करताना काही जण घाबरून भलतीकडे ण घालतात, 'मणात', 'वण'. हे शुद्ध बोलायला धडपडणारा माणूस करतो, ते पात्र मुद्दाम तसं असेल तर वापरा, नाहीतर नको.

चाल आधी, अक्षरं नंतर

आता खरी गोष्ट. वरचं सगळं शंभर टक्के बरोबर करून पण माणूस नकली वाटू शकतो, आणि अर्ध्या चुका करून पण खरा वाटू शकतो. कारण कान आधी चाल ऐकतो, शब्द मागून येतात. शेजारच्या खोलीतून भिंतीपलीकडून बोलणं ऐका, एक शब्द कळत नाही तरी कोण कुठला आहे ते कळतं.

मी काय करायला लावतो, तर एका माणसाचं दोन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग घ्यायचं. एकाच माणसाचं. पाच जणांची सरासरी काढायला गेलात की परत ते कुठलंच नसलेलं गावरान होतं. मग ते शब्दांशिवाय गुणगुणायचं, तोंड बंद ठेवून, हं हंहं हंss हं, जसं गाण्याची धून पकडतो तसं. आवाज कुठे चढतो, कुठे बसतो, शेवटचं अक्षर कुठे लांबतं. आमच्याकडे वाक्याच्या शेपटाला खूप काही घडतं, 'ना', 'बावा', 'बापा', 'भाऊ' यांच्यावर बोलणारा टेकतो, रेलतो. "नाई बापाss" हे म्हणताना पा वर माणूस अक्षरशः खाटेवर बसल्यासारखा बसतो. पुणेरी वाक्य मात्र शेवटाला आटोपतं घेतं, झालं, सांगितलं, निघा. तुम्ही शब्द वऱ्हाडी घेतले आणि शेवट पुणेरी ठेवला तर ऐकणाऱ्याला नीट सांगता येत नाही काय चुकतंय पण खटकतं.

तीन दिवस फक्त गुणगुणा. मग रेकॉर्डिंग लावून त्याच्या अर्धं पाऊल मागे, सावलीसारखं, त्याच्यासोबत बोला. मग रेकॉर्डिंग बंद करून. मग स्वतःचं रेकॉर्ड करा आणि दोन्ही एकामागे एक लावा. स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटेल, वाटू दे, सगळ्यांना वाटते.

रेकॉर्डिंग कुठून आणायचं यावर नेहमी अडतं. पुण्यातच डेक्कन कॉलेज आहे, त्यांनी राज्य मराठी विकास संस्थेसोबत महाराष्ट्रभर बोलींचं सर्वेक्षण केलंय, ते ऑनलाइन आहे, सुरुवात तिथून करा. पण माझ्या मते ओळखीतला जिवंत माणूस सगळ्यात भारी. फक्त त्यात एक गंमत होते. तुम्ही मोबाईल पुढे धरून मावशी तुमची भाषा बोला म्हणालात की मावशी रेडिओवरची बातमी वाचल्यासारखी बोलते, मी सकाळी उठते, मग मी स्वयंपाक करते. तिला शुद्ध बोलून दाखवायचं असतं, पाहुणा पुण्याचा आहे ना. हे जगभर होतं. विल्यम लबोव नावाचे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1960 च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या लोकांचं बोलणं रेकॉर्ड करताना हाच त्रास काढला होता, मग ते विचारायचे की कधी असं झालं का की वाटलं आता मेलोच? माणूस ती गोष्ट सांगण्यात असा गुंगतो की मोबाईल, टेप, पाहुणा, सगळं विसरतो. आमच्याकडे याला साप हा विषय रामबाण आहे. "मावशी, कधी घरात साप निघाल्ता का?" एवढं विचारा आणि मागे सरका. नाहीतर दोन बहिणींना समोरासमोर बसवा आणि तुम्ही भाजी निवडत बसा. फक्त आधी सांगून, परवानगी घेऊन, चोरून रेकॉर्डिंग नको आणि ते ग्रुपवर फॉरवर्ड तर अजिबात नको.

तालमीत येतं, रागात जातं

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रॉब्लेम. शांत प्रवेशात सगळं बरोबर, भांडणाचा प्रवेश आला की लहेजा गायब. साहजिक आहे, रागात माणूस आपल्या पहिल्या भाषेत जातो, तुमची पहिली भाषा पुण्याची आहे. समोरच्याने वाक्य मध्येच तोडलं, कुणी ओळ विसरलं आणि काहीतरी जुळवून घ्यावं लागलं, प्रॉप पडली, की तोंडातून 'अरे बघ ना' निघतं.

यावर उपाय एकच, रागाची प्रॅक्टिस बोलीतच करायची, स्क्रिप्टशिवाय. दोघांना उभं करतो आणि विषय देतो, तू उसने पैसे परत दिले नाहीस, तू माझी गाडी ठोकून आणली, भांडा. पहिल्या दिवशी भांडण चाळीस सेकंदात पुण्यात येतं. चौथ्या-पाचव्या दिवशी चार मिनिटं टिकतं. सुटलं की मी फक्त टाळी वाजवतो, चूक सांगत नाही, त्यांनी तिथून परत पकडायचं. कारण स्टेजवर सुटणारच आहे कधीतरी, सुटल्यावर दोन शब्दांत परत कसं यायचं ते यायला हवं. त्यासाठी प्रत्येकाने आपलं एक वाक्य ठरवून ठेवायचं, ज्यात ती चाल पक्की बसलीय. आमच्या एका पोराचं होतं, "मले काय मालूम बावा." विंगेत उभा राहून तो हे तीनदा पुटपुटायचा आणि मग एंट्री घ्यायचा. एकदा पुटपुटणं पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं, ते सोडा.

स्क्रिप्टवर पेन्सिलने खुणा करा हे मी सगळ्यांना सांगतो आणि कुणी करत नाही. संवाद पाठ व्हायच्या आधी करा. एकदा "तो येतोय" असं पाठ झालं की ते काढणं म्हणजे भिंतीतला खिळा काढण्यासारखं, खिळा निघतो पण भोक राहतं.

इंग्रजीसाठी पण हेच का?

हो, बरंचसं. मी हे सगळं शिकलो तेच मुळात इंग्रजीवरून. पुण्यात आलो तेव्हा दोन वर्षं एका कॉल सेंटरला होतो, नाव कशाला, रात्रपाळी आणि थंडगार एसी एवढंच लक्षात आहे. मी फोनवर स्पेलिंग सांगताना 'पी' म्हणायचो आणि पलीकडचा 'बी' लिहून घ्यायचा. दर वेळी. मला वाटायचं लाईन खराब आहे. मग ट्रेनरने तोंडासमोर टिश्यू पेपर धरायला लावला आणि 'पेन' म्हणायला सांगितलं. तिचा कागद फडफडला, माझा ढिम्म. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा प, ट, क हवेचा झोत घेऊन येतो, आपल्या प आणि फ च्या मध्ये कुठेतरी, फळातला जुना दोन ओठांचा फ असतो ना त्याच्या अर्ध्यावर. आपला कोरडा प त्यांना ब वाटतो. व चं पण तसंच, आपला व मधल्यामध्ये असतो, त्यांच्याकडे दोन आहेत, 'वाईन'ला ओठ गोल आणि 'व्हाइन' म्हणजे वेल म्हणायचं तर वरचे दात खालच्या ओठावर.

पण कागद फडफडायला लागला तरी पलीकडची लोकं "सॉरी?" म्हणायची थांबली नाहीत. ती थांबली ते जोर कुठे द्यायचा हे कळल्यावर. 'फोटोग्राफ' मध्ये जोर फो वर, 'फोटोग्राफर' म्हटलं की तो टॉ वर सरकतो आणि फो चा नुसता फ उरतो, 'फोटोग्राफिक' म्हटलं की ग्रॅ वर. आपण मराठी माणसं सगळ्या अक्षरांना सारखा पगार देतो, तिथे एकाला बोनस आणि बाकीच्यांची कपात. हे बसलं आणि माझे कॉल लहान झाले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की गावी आत्याच्या नवऱ्याची नक्कल करायचो तेव्हा मी पण आधी चालच धरायचो.

हसायला येतंय पण खरं वाटत नाही

आता जरा कडू. लहेजा जमला, प्रेक्षक हसतायत, ग्रुप खूश, आणि मला मागे बसून कसंतरी होतं. कारण बहुतेक स्क्रिप्टमध्ये बोली फक्त नोकराला, वॉचमनला आणि येड्या मित्राला दिलेली असते, हिरो प्रमाण बोलतो. मग नट पण नकळत विनोदाच्या टोनमध्येच बोली शिकतो, प्रत्येक वाक्याला डोळे मोठे, प्रत्येक 'बे' वर प्रेक्षकांकडे नजर. मालवणीला निदान 'वस्त्रहरण' मिळालं, 1980 पासून हजारो प्रयोग झाले आणि त्यात अख्खं गावच ती भाषा बोलतं, एकट्याला बाजूला काढून हसत नाहीत.

आणि बे कुणालाही नसतो म्हणायचा. मित्राला, धाकट्याला, भांडणात. बापाला बे म्हणणारा पोरगा आमच्याकडे घरात जेवत नाही. एका स्क्रिप्टमध्ये सून सासऱ्याला "काय बे" म्हणत होती, लेखक म्हणाला तिकडे असंच बोलतात ना. मी म्हटलं तिकडे असं बोलली असती तर पुढचे तीन प्रवेश झालेच नसते.

माझी यावरची चाचणी अशी की नटाला एक साधी दुःखाची ओळ देतो. "माय गेली तवापासून घरी कोनी वाट नाई पाहात माही." बस एवढीच, हलक्या आवाजात, काही न करता. जर तालमीच्या हॉलमध्ये कुणी फिसकन हसलं तर नटाने बोली नाही, नुसता जोक शिकलाय, परत रेकॉर्डिंगपाशी जा. जर सगळे गप्प झाले तर आता त्याला विनोदी ओळी दे, त्या आपोआप येतील, आणि जास्त हशा घेतील.

शेवटी मी सगळ्यांना आईच्या टेस्टला बसवतो. आईला फोन लावायचा, स्पीकरवर, आणि नटाने पाच मिनिटं तिच्याशी बोलायचं, मी कोण कुठला काही सांगायचं नाही. आई सत्तरीची आहे, तिला नाटकात शून्य इंटरेस्ट. यंदाच्या पोराने पाऊस, कापसाचा भाव, गुडघेदुखी, सगळं व्यवस्थित निभावलं. मी फोन घेतला आणि इचारलं, कुठचा वाटला? आई म्हणाली, "दर्यापूरकडचा असन. चांगला पोट्टा हाय. पण पुन्यात लय वर्सं झाले वाटते त्याले, मधातच 'बघा' म्हने."

पोरगा जन्मापासून पुण्याचाच, त्यामुळे भलता खूश होता. मी त्याला 'बघा' वर पेन्सिलने गोल करायला लावलं, यंदा त्याने केला. भांडणाच्या प्रवेशात 'येईन' अजून दोन ठिकाणी सुटतोय, त्यावर रविवारी बसणार आहोत.